रेल्वेच्या प्रवासी गाड्या सरकारने चालवाव्यात की खासगी कंपन्यांनी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे खासगी झाली का, होणार का, व्हायला हवी का, हे प्रश्न लोकलच्या पासधारकांपासून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांपर्यंत सगळेच विचारतात. उत्तरं देताना या पानावर एकच धागा धरला आहे: गाडीवर कोणाचं नाव रंगवलंय हे नंतर पाहू, आधी तोट्याची गाडी कोण चालवणार ते विचारू.

‘रेल्वेचं खासगीकरण’ म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळी कामं येतात. रूळ आणि सिग्नल कोणाचे, डबे-इंजिनं कोणाची, गाडी कोण चालवतो, भाडं कोण ठरवतो, तिकिटाचे पैसे कोणाच्या खात्यात जातात आणि तोटा झाला तर कोण भरतो. यातलं एखादं काम खासगी कंपनीकडे गेलं म्हणून सगळी रेल्वे विकली असं होत नाही. आणि रूळ सरकारचेच राहिले म्हणून काहीच बदललं नाही, असंही म्हणता येत नाही. भाडं ठरवण्याचा आणि गाडी रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे गेला, ते बघावं. प्रवाशाचा संबंध तिथेच येतो.

तेजस एक्सप्रेस ही देशातली पहिली खासगी गाडी आहे ना?

बातम्यांमध्ये तसं म्हटलं गेलं, पण ते पूर्ण खरं नाही. लखनौ–नवी दिल्ली तेजस ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि अहमदाबाद–मुंबई सेंट्रल तेजस जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. दोन्ही गाड्या चालवते आयआरसीटीसी. ही कंपनी शेअर बाजारात असली तरी तिची बहुसंख्य मालकी केंद्र सरकारचीच आहे. लोको पायलट, गार्ड, रूळ, सिग्नल सगळं रेल्वेचं. आयआरसीटीसी रेल्वेला गाडी ओढण्याचा आकार (म्हणजे शुल्क) देते, आणि भाडं, खानपान, डब्यातली सेवा स्वतः ठरवते.

म्हणजे मालक सरकारी, वागणूक खासगी. मागणीप्रमाणे भाडं वर-खाली होतं, नेहमीच्या सवलती लागू होत नाहीत. त्याबरोबर गाडी एक तासाहून जास्त उशिरा आली तर १०० रुपये आणि दोन तासांहून जास्त उशिरा आली तर २५० रुपये भरपाई, अशी हमीही दिली गेली. उशिराबद्दल प्रवाशाला पैसे देण्याची कल्पना आपल्याकडे नवी होती आणि ती चांगलीच होती. दुसरी बाजू नोव्हेंबर २०२० मध्ये दिसली. टाळेबंदीनंतर सुरू केलेल्या या गाड्या प्रवासी मिळेनात म्हणून बंद केल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा सोडल्या. धंद्याच्या हिशेबाने निर्णय बरोबर आहे. हाच हिशेब एखाद्या तालुक्याच्या गावाला जाणाऱ्या एकमेव पॅसेंजरला लावला तर काय होईल, याचा विचार करून पाहा.

आणि वंदे भारत?

ती रेल्वेचीच. सुरुवातीचे रेक (गाडीच्या डब्यांचे पूर्ण संच) चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनले. स्लीपर वंदे भारतचे १२० रेक लातूरच्या कारखान्यात बनवण्याचं आणि ३५ वर्षं त्यांची देखभाल करण्याचं कंत्राट मात्र रशियन कंपनीचा सहभाग असलेल्या किनेट या कंपनीला दिलेलं आहे. इथे गाडी बांधणं आणि दुरुस्ती बाहेर गेली. चालवणं आणि भाडं रेल्वेकडेच राहिलं.

शिर्डीला आलेली ती ‘खासगी रेल्वे’ कोणती?

जून २०२२ मध्ये कोइम्बतूरहून साईनगर शिर्डीला आलेली भारत गौरव गाडी. नोव्हेंबर २०२१ च्या योजनेत सहल कंपन्या रेल्वेकडून रेक भाड्याने घेऊन यात्रेच्या पॅकेजवर गाडी काढू शकतात. लग्नाच्या वऱ्हाडासाठी एसटी ठरवावी तसा हा प्रकार आहे. रोजच्या वेळापत्रकातल्या गाडीशी त्याची तुलना करू नये.

२०२० मध्ये १५१ खासगी गाड्या येणार होत्या. त्यांचं काय झालं?

त्या आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हे समजून घेण्यासारखं आहे.

जुलै २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने १०९ मार्गजोड्यांवर १५१ गाड्या खासगी कंपन्यांना चालवायला देण्याचा प्रस्ताव काढला. मार्गांचे १२ गट पाडले, ३५ वर्षांचा करार, सुमारे ३०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित. डबे कंपनीने आणायचे, लोको पायलट आणि गार्ड रेल्वेचे, भाडं कंपनी ठरवणार. कंपनीने रेल्वेला गाडी ओढण्याचा ठरलेला आकार द्यायचा, विजेचे पैसे द्यायचे आणि वर उत्पन्नातला हिस्साही द्यायचा. जो जास्त हिस्सा देईल त्याला कंत्राट. खासगी गाडीच्या आगेमागे ठरावीक वेळेत त्याच मार्गावर तशीच दुसरी गाडी सोडायची नाही, अशीही तरतूद होती.

पहिल्या फेरीत १५ कंपन्यांनी १२० अर्ज केले. जुलै २०२१ मध्ये प्रत्यक्ष आर्थिक बोली उघडल्या तेव्हा १२ पैकी तीनच गटांसाठी बोली आल्या होत्या. बोली लावणारे दोघेच होते, मेघा इंजिनिअरिंग आणि सरकारचीच आयआरसीटीसी. ती प्रक्रिया पुढे रद्द झाली.

कंपन्यांनी पाठ फिरवण्यामागे साधी गोष्ट होती. रूळ रेल्वेचे, सिग्नल रेल्वेचे, स्पर्धक गाड्याही रेल्वेच्या, आणि भांडण झालं तर दाद मागायला स्वतंत्र नियामक नाही. पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या. बोरघाटात तीनच मार्गिका. वर जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, मग घाट चढतात. त्यातच मालगाड्या, एक्सप्रेस आणि खाली कर्जतपासून लोकल. अशा वेळी खासगी गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली, तर सेक्शन कंट्रोलर आधी कोणाला सोडणार आणि कोणाला बाजूच्या लूप मार्गावर थांबवणार? कंट्रोलर रेल्वेचा नोकर. खासगी गाडी मागे ठेवली तर कंपनी कोर्टात जाणार. तिला पुढे काढलं तर मागच्या एक्सप्रेसमधल्या जनरल डब्यातली माणसं अर्धा तास ताटकळणार. हा निवाडा करणारी तिसरी, निःपक्ष यंत्रणा असल्याशिवाय कोणी शहाणा ३५ वर्षांसाठी पैसे गुंतवत नाही. बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली होती. आधी नियामक, मग खासगी गाड्या, या क्रमाने काम झालं नाही.

भारतात रेल्वे मुळात खासगीच होती, हे खरं का?

खरं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) या लंडनच्या कंपनीची होती. पण ‘खासगी कंपनीने स्वतःच्या हिमतीवर रेल्वे उभारली’ असं त्यावरून सांगितलं जातं, त्यात मोठी गफलत आहे. सरकारने कंपनीला जमीन दिली आणि तिच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली. नफा त्याहून कमी झाला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. गुंतवणूकदार विलायतेत बसून बिनघोर, आणि खर्च आटोक्यात ठेवायचं कंपनीला कारणच नाही. जोखीम इथल्या शेतसारा भरणाऱ्याची.

१९२०-२१ मध्ये ॲकवर्थ समिती बसली आणि तिने कारभार सरकारने हाती घ्यावा असा कौल दिला. जीआयपीची मालकी सरकारने १९०० मध्येच विकत घेतली होती, कारभार मात्र कंपनीकडे होता. तो १९२५ मध्ये सरकारकडे आला. हीच जीआयपी ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली.

आपल्याकडची बार्शी लाईट रेल्वे ही जरा वेगळी गोष्ट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी अरुंद मार्गावरची ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आणली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. हिला कापूस, भुसार आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी मिळाले आणि कंपनी टिकली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. गिऱ्हाईक ओळखून, स्वस्तात, नेटका मार्ग बांधण्यात खासगी डोकं किती चांगलं चालू शकतं याचं हे उत्तम उदाहरण आहे, आणि सरकारी रेल्वेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ते मान्य करायला हवं.

शकुंतला रेल्वे अजून ब्रिटिश कंपनीच्या मालकीची आहे, हे खरं का?

यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरो गेज मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिशकालीन पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे पोचवायला बांधला. देशातल्या बाकी रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं, हा तुकडा कराराने कंपनीकडेच राहिला. गाडी चालवायची मध्य रेल्वेने, मार्ग कंपनीचा.

सरकारी आणि खासगी यांची जोडी किती वाईट जमू शकते हे इथे दिसलं. मार्ग कंपनीचा म्हणून रेल्वेने त्यात पैसे घालायचे नाहीत, आणि गाडी रेल्वेची म्हणून कंपनीने लक्ष द्यायचं नाही. १९२३ पासून गाडी ओढणारं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये निवृत्त होऊन डिझेल इंजिन आलं, तो शेवटचा मोठा बदल. रुळांची अवस्था अशी की वेग सायकलच्या बरोबरीला आलेला. मधल्या स्टेशनांवर माणसं नाहीत, म्हणून गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. तरीही दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या भागातले मजूर, भाजीवाल्या बाया, शाळेची मुलं या गाडीने जात. एसटीच्या भाड्याच्या मानाने तिचं तिकीट नगण्य होतं.

आज दोन्ही मार्गांवर गाडी नाही. ब्रॉड गेज करण्यासाठी २०१६ मध्ये सुमारे १,५०० कोटींची घोषणा झाली आणि अचलपूर-यवतमाळची माणसं त्यासाठी अजून आंदोलनं करत आहेत. मालक कोण याचा कागद शंभर वर्षं जपला गेला. गाडी चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र कोणावरच नक्की नव्हतं.

सरकारी रेल्वेला प्रवासी वाहतुकीत तोटा का होतो?

कारण भाडं खर्चापेक्षा कमी ठेवलेलं आहे, आणि ते जाणूनबुजून ठेवलेलं आहे. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२-२३ मध्ये प्रवाशांना मिळालेली सूट ५६,९९३ कोटी रुपयांची होती, सरासरी ४६ टक्के. ही खोट कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य वाहणाऱ्या मालगाड्यांच्या उत्पन्नातून भरून निघते. परिणामी मालवाहतुकीचे दर चढे राहतात, माल ट्रककडे वळतो आणि रेल्वेचीच कमाई घटते.

ही पद्धत बदलायला हवी असं आमचं स्पष्ट मत आहे. पण त्यासाठी गाडी खासगी करायची गरज नाही. कोणत्या मार्गावर, कोणत्या वर्गाला, किती सूट द्यायची हे सरकारने लेखी ठरवावं आणि ती रक्कम अर्थसंकल्पातून रेल्वेला रोख द्यावी. मग कुठली सेवा किती रुपयांना पडते हे उघड दिसेल.

मुंबईची लोकल खासगी कंपनीला दिली तर सुधारेल का?

दोन घटना सांगतो, त्यावरून अंदाज करा.

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी दहा एसी फेऱ्या सुरू केल्या. साध्या लोकलचं किमान भाडं ५ रुपये, एसीचं ३५. कळव्याला कारशेडमधून निघालेली एसी लोकल प्रवाशांनी अडवली, बदलापूरला लोक स्टेशन मास्तरच्या कार्यालयावर जमले. त्याच महिन्यात रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. रुळावर उतरणं धोक्याचं आहे, त्याचं समर्थन नाही. पण आपल्या वेळेची साधी गाडी काढून घेतली म्हणून ओरड केली आणि ती काही दिवसांत परत मिळाली, हे रेल्वे लोकप्रतिनिधींना उत्तर देते म्हणून घडलं. खासगी कंपनीबरोबरच्या करारात एसी फेऱ्यांचा आकडा लिहिलेला असता, तर त्या मागे घेण्यासाठी सरकारला नुकसानभरपाई मोजावी लागली असती.

दुसरी गोष्ट वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोची. जून २०१४ मध्ये सुरू झालेला हा ११.४ किलोमीटरचा मार्ग सरकारी-खासगी भागीदारीतला, एमएमआरडीए या राज्य सरकारच्या मुंबई महानगर प्राधिकरणाचा हिस्सा २६ टक्के. सेवा पहिल्या दिवसापासून उत्तम: वक्तशीर, स्वच्छ, सकाळच्या गर्दीत चार-पाच मिनिटांना गाडी. भांडण झालं ते भाड्यावरून. करारातल्या भाड्यात खर्च भागत नाही असं कंपनीचं म्हणणं, करार पाळा असं एमएमआरडीएचं. भाडे निर्धारण समितीने २०१५ मध्ये कमाल भाडं ११० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ती शिफारस पुढे रद्द झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने खासगी हिस्सा सुमारे ४,००० कोटींना विकत घ्यायचं ठरवलं आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घेतला. गाडी चांगली चालवणं खासगी कंपनीला जमतं, हे इथे सिद्ध झालं. शहरातल्या भाड्यावर धंदा उभा राहत नाही, हेही झालं.

जपानमध्ये तर सगळं खासगी आहे आणि गाड्या सेकंदावर चालतात?

१ एप्रिल १९८७ ला जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे सहा प्रवासी आणि एक मालवाहतूक कंपनी असे भाग झाले. टोकियो, नागोया, ओसाका या पट्ट्यातल्या कंपन्या भरभराटीला आल्या, कारण तिथे दाट वस्ती आहे आणि स्टेशनाभोवतीच्या दुकानांचं, इमारतींचं उत्पन्न आहे. होक्काइदो आणि शिकोकूच्या कंपन्या मात्र आजही सरकारच्या मालकीच्याच आहेत आणि होक्काइदोत शाखामार्ग एकामागून एक बंद होत गेले. जुन्या रेल्वेच्या सुमारे ३७ लाख कोटी येन कर्जाचा मोठा भाग शेवटी सरकारी तिजोरीवरच आला.

वक्तशीरपणाची किंमतही ठाऊक असू द्या. २५ एप्रिल २००५ ला आमागासाकीजवळ एक लोकल वळणावर घसरून इमारतीवर आदळली. १०७ माणसं गेली. गाडीला जेमतेम दीड मिनिट उशीर झाला होता आणि उशिराबद्दल होणाऱ्या अपमानास्पद शिक्षेच्या धास्तीत असलेल्या तरुण चालकाने ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर ११६ च्या वेगाने गाडी घातली.

ब्रिटनने खासगीकरण करून पुन्हा सरकारीकरण का केलं?

१९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेलचे तुकडे झाले: रूळ रेलट्रॅक कंपनीकडे, डबे भाड्याने देणाऱ्या वेगळ्या कंपन्या, गाड्या चालवणाऱ्या आणखी वेगळ्या. प्रवासी संख्या पुढच्या पंचवीस वर्षांत दुपटीहून जास्त वाढली, हे नाकारता येणार नाही. पण १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डला तडे गेलेला रूळ तुटून चौघे मेले आणि रूळ-देखभालीचं ज्ञान कंत्राटदारांत विखुरलं गेल्याचं उघड झालं. रेलट्रॅक वर्षभरात कोलमडली, २००२ मध्ये तिची जागा नेटवर्क रेलने घेतली.

गाड्यांच्या कंत्राटांचीही तीच रड. लंडन–एडिनबरा मार्गावरची कंत्राटं एकापाठोपाठ एक मोडली. जास्त बोली लावून कंत्राट घ्यायचं आणि आकडे जुळेनात की सोडून द्यायचं. २०१८ पासून तो मार्ग सरकारी कंपनी चालवते. २०२४ च्या कायद्यानंतर बाकीची कंत्राटंही संपतील तशी सरकारकडे येत आहेत, पहिली साउथ वेस्टर्न रेल्वे मे २०२५ मध्ये. डबे मात्र अजून भाड्याचेच आहेत.

खासगी कंपन्यांमुळे प्रवाशांचा फायदा झाला असं एकही उदाहरण नाही का?

आहे. इटलीत एप्रिल २०१२ पासून इतालो ही खासगी कंपनी मिलान–रोम–नेपल्स या अतिवेगवान मार्गावर सरकारी त्रेनितालियाच्या समोर उभी आहे. तिकिटं स्वस्त झाली, फेऱ्या वाढल्या, सरकारी कंपनीही सुधारली. मात्र तिथे मार्गावर जागा होती आणि वाहतूक नियामक नेमलेला आहे. शिवाय गावोगावच्या प्रादेशिक गाड्या आजही सरकारी पैशांवर, सेवेच्या करारानेच चालतात.

कोकण रेल्वे खासगी आहे का?

नाही. ती केंद्र आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या चार राज्यांची मिळून कंपनी आहे.

खासगी गाडीत अपघात झाला तर?

तेजस किंवा भारत गौरव असली तरी गाडी रेल्वेच्या रुळांवर, रेल्वेच्या चालकाच्या हातात असते. चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे पद मुद्दाम रेल्वे मंत्रालयाबाहेर, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलं आहे. गाडी कोणीही चालवो, ही अलिप्तता जाता कामा नये.

नोकऱ्यांवर आणि आरक्षणावर परिणाम होईल का?

होईल, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हे स्पष्ट समजून घ्यावं. रेल्वेच्या भरतीत घटनात्मक आरक्षण आहे, खासगी कंपनीवर तसं बंधन नाही. सफाई, खानपान, चादरी-उशा ही कामं तर आताच कंत्राटदारांकडे आहेत आणि त्यातल्या कामगाराच्या हातात किती पगार पडतो याकडे प्रवासी म्हणून आपण फारच कमी लक्ष देतो.

सरकारी गाडी म्हणजे गरिबाची गाडी, असं धरून चालायचं का?

नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती सरकारी रेल्वेनेच. करोनानंतर कित्येक पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ म्हणून चालवून १० रुपयांऐवजी ३० रुपये किमान भाडं घेतलं, तेही सरकारी रेल्वेनेच, आणि जुनं भाडं परत यायला २०२४ उजाडलं. म्हणूनच पॅसेंजर, मेमू, लोकल यांच्या किमान फेऱ्या आणि कमाल भाडं कायद्याने बांधलं पाहिजे, गाडी कोणाचीही असो. त्याच्या वर, लांब पल्ल्याच्या वातानुकूलित गाड्यांत खासगी कंपन्यांनी जरूर उतरावं, मात्र आधी नियामक आणि जास्तीच्या मार्गिका तयार असाव्यात.

गाडी उशिरा आली, सेवा वाईट मिळाली तर दाद कुठे मागायची?

प्रवासात असताना १३९ क्रमांक किंवा रेलमदद ॲप, गाडी कोणाचीही असो. पॅकेज सहलीच्या गाडीत करार सहल कंपनीशी असतो, म्हणून पावती आणि पॅकेजचं पत्रक जपून ठेवा. यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. अजमेर–जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोचल्याने पुढचं विमान चुकलेल्या प्रवाशाला ३०,००० रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कायम केला. उशिराचं समाधानकारक कारण सिद्ध करणं रेल्वेचं काम आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. तक्रार करताना तिकीट, गाडी पोचल्याची नोंद आणि झालेल्या खर्चाच्या पावत्या सोबत जोडा.